सेकंडहँड बाईक हळू चालवताना डुलते, हँडल जड लागतं? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

दीड वर्षापूर्वी पुण्यात मी एक २०१६ मॉडेलची १५० सीसीची गाडी घेतली. इंजिन एकदम गोड, धूर नाही, फालतू आवाज नाही, बघायला गेलो तेव्हा मालकाने मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणायला दिली आणि ६०-७० ला ती अगदी सरळ पळाली म्हणून मी तिथेच हो म्हणून टाकलं. घरी येताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला ट्रॅफिक लागलं आणि मग कळलं. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून सरकताना गाडी आपोआप डावीकडे जायची, सरळ करायला गेलो की जरा जास्तच उजवीकडे, मग परत डावीकडे, सिग्नल ते सिग्नल पाय टेकवत टेकवत घरी पोचलो.

पुढचे दोन महिने मी पैसे घालवले. एक जण म्हणाला पुढचा टायर बदला, बदलला, फरक शून्य. दुसरा म्हणाला शॉकअपचं ऑइल संपलंय, ते पण केलं. तिसऱ्याने गाडी डबल स्टँडवर घेतली, मागे एकाला बसवून पुढचं चाक उचललं, दोन बोटांनी हँडल हलवलं आणि दहा सेकंदात सांगितलं की कोनसेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. तेव्हापासून ओळखीत कोणी जुनी गाडी घेतली की मी स्वतः जाऊन हे तपासून देतो. आतापर्यंत बऱ्याच गाड्या बघितल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बिघाड स्वस्तातला निघाला पण माणसाने आधी महागातलं काहीतरी बदललेलं असतं. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, ज्या क्रमाने मी बघतो त्याच क्रमाने. फुकटातलं आधी, पाना लागणारं नंतर, पैसे लागणारं सगळ्यात शेवटी.

हळू चालवतानाच का कळतं

हे समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे. दुचाकी हळू चालत असताना कायम कुठल्या ना कुठल्या बाजूला पडतच असते. ती डावीकडे कलली की आपण नकळत हँडल जरासं डावीकडे वळवतो, चाकं परत वजनाच्या खाली येतात आणि गाडी उभी राहते, मग उजवीकडे तेच. हे आपण सतत करत असतो, हँडलची हालचाल अगदी बारीक असते, बघणाऱ्याला दिसत पण नाही. आता ही बारीक हालचालच कुठे अडकली, म्हणजे कोनसेटमध्ये खाच आहे, केबल ताणली गेलीय, टायरात हवा कमी आहे, तर हँडल आधी हलत नाही, तुम्ही जोर वाढवता, मग ते एकदम सुटतं आणि पाहिजे त्यापेक्षा जास्त वळतं. यालाच आपण गाडी डुलते म्हणतो. स्पीड वाढला की चाकांचा वेग आणि पुढच्या चाकाची ठेवण दोन्ही मिळून गाडी बऱ्यापैकी स्वतःच सरळ ठेवतात, त्यामुळे तोच बिघाड लपून जातो. म्हणून हायवेवर टेस्ट राईड घेऊन काही कळत नाही. माझी फसगत तिथेच झाली.

आधी नक्की काय होतंय ते ओळखा

मेकॅनिककडे जाऊन "हँडलिंग बरोबर नाही" म्हटलं तर तो काहीही बदलेल. मोकळं मैदान किंवा सोसायटीचं रिकामं पार्किंग गाठा, पार्किंगची पांढरी पट्टी असेल तर उत्तम. पट्टीवरून पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या स्पीडने वीसेक पावलं सरळ जा. मग लायसन्सच्या टेस्टला आरटीओत आठचा आकडा काढायला लावतात तसा मोठा आठ काढा, मग हळूहळू छोटा करत जा. मग दोन्ही बाजूंना फुल हँडल वळवून एकेक यू टर्न. बघायचं एवढंच की गाडी सरळ जाताना डुलते का, वळताना हँडल आपणहून आत पडतं का, वळून झाल्यावर परत सरळ यायला नको म्हणतं का, आणि डावं-उजवं सारखंच आहे का एकच बाजू वाईट आहे.

सरळ जाताना डुलत असेल तर पहिला संशय कोनसेट आणि केबल. वळताना हँडल आत पडत असेल तर हवा कमी, टायर खराब, नाहीतर गाडीची मागची बाजू बसलीय. एकच बाजू वाईट असेल तर केबल, पडून वाकलेलं काहीतरी, किंवा मागचं चाक तिरकं. हे काही शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

अजून एक टेस्ट आहे जी कोणी करत नाही आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. हलका उतार शोधा, रहदारी अजिबात नसलेला, गाडी न्यूट्रलमध्ये टाका, किल स्विचने इंजिन बंद करा आणि चावी मात्र ऑनच राहू दे, चुकूनही लॉकच्या बाजूला फिरवू नका, चालत्या गाडीचं हँडल लॉक झालं तर थेट खाली. आता गाडी नुसती गडगडत जाऊ द्या. इंजिन बंद असताना पण तशीच डुलली तर दोष हँडल, चाकं, टायर याच भागात आहे. पण उतारावर एकदम गुळगुळीत गेली आणि इंजिनवर चालवताना मात्र गचके खात डुलते, तर तुमच्या हँडलला काहीच झालेलं नाही. चेन ढिली आहे नाहीतर एका ठिकाणी घट्ट एका ठिकाणी ढिली आहे, क्लच एकदम पकडतोय, अॅक्सिलरेटरच्या केबलला जास्त झोल आहे किंवा आयडलिंग खालीवर होतंय. हळू स्पीडला इंजिनचा प्रत्येक झटका हँडलपर्यंत येतो आणि माणसाला वाटतं स्टिअरिंग गेलं. एका मित्राने यापायी अख्खा कोनसेट बदलला होता आणि दोष निघाला चेनचा, चेन-चक्र बदलल्यावर गाडी लोण्यासारखी.

हवा आणि टायर

हवा थंड टायरला मोजा, म्हणजे सकाळी गाडी काढायच्या आधी किंवा पंप जवळ असेल तर तिथे पोचल्या पोचल्या. किती भरायची ते चेनकव्हरवर, मागच्या चिमट्यावर (मागचं चाक धरणारे दोन दांडे) किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढीच भरा. पंपावरचा पोरगा दोन्हीला तीस-तीस मारून मोकळा होतो, त्याला आकडा सांगा. पुढे हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त चिकटतो, हँडल ओल्या चिखलातून फिरवल्यासारखं जड लागतं आणि वळताना आत ओढतं. माझ्या अंदाजाने पाचातल्या एका गाडीचा प्रॉब्लेम इथेच संपतो.

मग टायर नुसता बघू नका, हात फिरवा. मागचा टायर मधोमध सपाट होऊन चौकोनी झालाय का, रोज हायवेवर सरळ चालवणाऱ्यांचा असा होतो, मग गाडी कलवताना त्या कडेवरून एकदम कलंडते. पुढच्या टायरवर तळहात एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा, करवतीच्या दातांसारखं लागलं तर तो टायर हळू स्पीडला पण गुरगुरणार आणि डुलणार. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसते पण टायर सात-आठ वर्षांचा आहे आणि रबर दगडासारखं झालंय असं जुन्या कमी चाललेल्या गाड्यांत नेहमी दिसतं. बाजूवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनेच आहे ना ते पण बघा, पंक्चरवाल्याकडे उलटा बसलेला टायर मी दोनदा पाहिलाय.

साईज आरसीवर नसते पण मॅन्युअलमध्ये असते, ती टायरशी जुळवा. आधीच्या मालकाने दिसायला भारी म्हणून कंपनीच्या साईजपेक्षा रुंद टायर टाकला असेल तर तो त्याच जुन्या अरुंद रिमवर चिमटून बसतो, त्याचा गोल आकारच बदलतो आणि गाडी वळायला आळशी होते. याला अॅडजस्टमेंट नाही, मूळ साईज टाकणं हाच उपाय.

केबल आणि वायर

गाडी उभी करून, इंजिन चालू, न्यूट्रल, हँडल सावकाश पूर्ण डावीकडे मग पूर्ण उजवीकडे न्या. आयडलिंगचा आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. हे हँडलिंगचं सोडा, धोक्याचं आहे, यू टर्न घेताना गाडी आपोआप पळायला बघेल, आजच्या आज नीट करा. मग इंजिन बंद करून क्लच केबल, मीटरची केबल, ब्रेकचा होज आणि हेडलाईटकडे जाणारा वायरचा गठ्ठा हे सगळं हँडल फिरताना कुठे अडकतं, दुमडतं, ताणलं जातं ते डोळ्याने बघा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर पण आहे आणि चाक काढून बसवताना ती चुकीच्या बाजूने घातलेली असू शकते.

जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय लावलंय ते बघा. मोबाईल होल्डरचा चार्जर, फॉगलाईटची वायर, उंच हँडल. हँडल उंच केलं आणि केबल तीच ठेवली तर ती तारेसारखी ताठ होते आणि हँडलला कायम एका बाजूला ओढत राहते. असं हँडल दोन बोटांनी सरळ धरून सोडलं की स्वतःच एका दिशेला जातं.

कोनसेट, इथे वेळ द्या

गाडीच्या चेसीला पुढे एक जाड उभी-तिरकी नळी असते, आपण मान म्हणू. हँडलचा दांडा त्या मानेतून खाली जातो, आणि मानेच्या वर आणि खाली बेअरिंग असतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती सुट्ट्या गोळ्यांची असतात, वाटीसारख्या दोन रिंगा आणि त्यांच्यात गोळ्या, याला कोनसेट किंवा बॉल रेसर म्हणतात. काही गाड्यांत टेपर रोलर असतात.

मजा अशी की चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरतं म्हणून सगळीकडे सारखं झिजतं, पण कोनसेट फिरतच नाही. आपण ९९ टक्के वेळ सरळच चालतो, त्यामुळे गोळ्या त्याच त्याच जागी बसलेल्या असतात, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या तेवढ्याच जागेवर. हळूहळू रिंगमध्ये प्रत्येक गोळीखाली बारीक खळगा पडतो. याला ब्रिनेलिंग म्हणतात, योहान ऑगस्ट ब्रिनेल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरवरून, धातूवर गोळी दाबून त्याचा कडकपणा मोजायची पद्धत त्याने १९०० मध्ये मांडली होती, आपल्या मानेत खड्डे तीच टेस्ट रोज करतात. त्यात सर्व्हिसिंगला प्रेशरने पाणी थेट मानेवर मारलं की ग्रीस धुऊन जातं, पाणी आत राहतं, गंज चढतो आणि खळगे लवकर पडतात.

तपासायचं कसं. डबल स्टँडवर गाडी घ्या, मागे कोणालातरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. डबल स्टँड नसेल तर कारचा जॅक आणि त्यावर लाकडी फळी, फळी इंजिनच्या खाली चेसीच्या मजबूत जागी लागली पाहिजे, सायलेन्सरच्या बेंडवर किंवा ऑइल फिल्टरवर नाही, आणि गाडी धरायला दुसरा माणूस पाहिजेच, एकट्याने करू नका.

चाक हवेत आलं की हँडल सरळ करा, एका टोकाला दोन बोटं लावा आणि एकदम सावकाश, जितकं हळू जमेल तितकं, डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधोमध आल्यावर हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखं लागलं, टुक करून अडकलं आणि मग सुटलं, तर काम झालं, ती खाच म्हणजेच ते खळगे. अॅडजस्ट करून हे जात नाही, कोनसेट बदलावाच लागतो. कोणी "टाईट करतो, होईल" म्हटलं तर नको म्हणा, टाईट केल्यावर गोळी त्या खळग्यात अजून घट्ट बसते आणि गाडी जास्त डुलते.

खाच नसेल तर दुसरी टेस्ट. हँडल मधोमध धरा आणि एका बाजूला जरासा धक्का देऊन सोडा. ते आपल्या वजनाने तसंच पुढे पडत जाऊन शेवटच्या स्टॉपरला टेकलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखं. मधेच थांबलं, सोडाल तिथे राहिलं, तर कोन जास्त टाईट आहे, ग्रीस सुकलंय किंवा केबल धरून ठेवतेय. केबलचा संशय असेल तर क्लच आणि मीटरची केबल सोडून परत टेस्ट करा, दहा मिनिटांचं काम आहे पण मग अंदाज लावावा लागत नाही. बोटांवर विश्वास नसेल तर बॅग तोलायचा छोटा हुकवाला काटा घ्या, हँडलच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढा आणि हँडल कधी हलायला लागतं तो आकडा बघा, मधोमध आणि बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे. आकड्यांमध्ये ठळक फरक दिसला की दोष कुठे आहे ते सापडलं.

तिसरी टेस्ट ढिलेपणाची. पुढे बसा, दोन्ही फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपचे पाय, खालून, एक्सलजवळ धरा आणि पुढे-मागे हलवा. खट् खट् झालं तर कुठेतरी झोल आहे, पण कुठे ते शोधायचं. दुसऱ्याला सांगा की मान आणि खालची टी (दोन्ही फोर्क धरणारा आडवा तुकडा, असाच एक मानेच्या वर पण असतो) यांच्या मधल्या फटीवर बोट ठेव, बोटाला हालचाल जाणवली तर कोन ढिला. तिथे काही नाही पण फोर्कच्या सीलजवळ हलतंय तर फोर्कचे बुश गेलेत. चाक वर-खाली धरून हलवल्यावर फक्त चाकच हलतंय तर चाकाचं बेअरिंग. बरेच जण ही टेस्ट चाक जमिनीवर ठेवून पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलून करतात, त्यात डिस्कचे पॅड पण कॅलिपरमध्ये टकटक करतात आणि माणूस उगाच कोनसेटला दोष देतो.

ढिला कोन सहसा ब्रेक मारताना खट् करतो आणि हँडल थरथरवतो. टाईट कोन आवाज करत नाही, फक्त गाडी दारू प्यायल्यासारखी चालवतो. आणि हे डुलणं जर सर्व्हिसिंग करून आणल्याच्या दिवसापासून सुरू झालं असेल तर सगळ्यात आधी टाईट कोनच बघा.

अॅडजस्ट करायचा असेल तर मधला मोठा नट आणि वरच्या टीचे फोर्क धरणारे बोल्ट आधी ढिले करावे लागतात, मग खालचा खाचांचा नट हुक पान्याने फिरवायचा. छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवणारा दिसला तर गाडी काढून घ्या. नट घट्ट करा, हँडल पाच-सहा वेळा पूर्ण डावं-उजवं फिरवा, मग नट सोडा आणि परत हळूहळू एवढाच आवळा की झोल जाईल पण हँडल स्वतःहून पडेल. मग वरचं सगळं आवळा आणि टेस्ट परत करा, कारण वरचा नट आवळला की टी खाली दाबली जाते आणि मगाचं बरोबर असलेलं अॅडजस्टमेंट टाईट होऊन बसतं. इथेच बहुतेकांचं चुकतं, नट बरोबर लावलेला असतो, शेवटी तपासलेलं नसतं.

बदलायचा असेल तर गोळ्या आणि वरखालच्या सगळ्या रिंगा एकदम बदला, जुन्या रिंगेत नव्या गोळ्या टाकून पैसे वाचत नाहीत. कम्युटर गाड्यांचा सेट काही शे रुपयांत येतो, मजुरी त्याच्यापेक्षा जास्त होते कारण सगळं पुढचं उतरवावं लागतं. समोर उभे राहा. जुनी रिंग काढल्यावर कापडाने पुसून उजेडात बघा, खळगे मोजता येतात. मानेत नवी रिंग सरळ बसली पाहिजे, तिरकी ठोकली तर नवा सेट असून पण हँडल एका जागी घट्ट लागतं. ग्रीस चांगलं, लिथियमचं, आणि भरपूर.

टेपर रोलर टाकायचा सल्ला मिळेल. टिकतो चांगला, पण त्याला नीट बसायला वेळ लागतो आणि जरा जास्त आवळला तरी हळू स्पीडला डुलणं परत हजर. टाकला तर शे-दोनशे किलोमीटरनंतर परत तपासून घ्या.

पडलेल्या गाडीच्या खुणा

चाक सरळ आहे पण हँडल तिरकं दिसतंय, हे बऱ्याच पडलेल्या गाड्यांत असतं आणि बऱ्याच वेळा काहीच वाकलेलं नसतं, फोर्क फक्त टीमध्ये पिळून बसलेले असतात. एक्सलचा नट, खालच्या टीचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट ढिले करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक दाबून दोन-चार वेळा शॉकअप दाबा, मग खालून वर क्रमाने आवळत या. दोन्ही फोर्कचे पाईप वरच्या टीच्या वर सारख्याच उंचीला आहेत का ते पट्टीने मोजा. पाईपच वाकला असेल तर तो काढून जाड काचेवर गडगडवला की लगेच दिसतं. वाकलेला पाईप सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, मी स्वतः नवीनच टाकतो.

हँडलची दोन्ही टोकं सीटच्या मागच्या मधल्या बिंदूपासून टेपने मोजा. फरक आला आणि चाक सरळ असेल तर हँडल बार वाकलाय, तो स्वस्त आहे. डावं आणि उजवं फुल लॉक सारखं आहे का, खालच्या टीचा स्टॉपर चेपलाय का, टाकीवर हँडल लागल्याचा पोचा आहे का हे बघा.

आता मान. बऱ्याच गाड्यांत चेसी नंबर इथेच, मानेच्या बाजूला ठोकलेला असतो. नंबर आरसीशी जुळवायला तुम्ही वाकणारच आहात, तेव्हा टॉर्च मारून मानेच्या मागच्या वेल्डिंगकडे पण बघा. तिथला रंग बाकीच्या चेसीपेक्षा वेगळा, वेल्डिंगची पट्टी ओबडधोबड, पत्र्याला सुरकुत्या किंवा केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका, आणि आधीच घेतली असेल तर नीट चेसी तपासणाऱ्याला दाखवल्याशिवाय चालवू नका. बाकी सगळ्या गोष्टींना पाना आहे, याला नाही.

मागची बाजू, जी लोक विसरतात

मागच्या दोन शॉकअपचे खाचांचे अॅडजस्टर दोन्हीकडे एकाच पायरीवर आहेत का? नसतात, सांगतो तुम्हाला, कोणीतरी एकच बाजू फिरवलेली असते. स्प्रिंग बसल्या असतील, मागे मोठा कॅरिअर आणि बॉक्स असेल, तर गाडी मागे बसते आणि पुढचा फोर्क जास्त आडवा होतो. हँडलच्या दांड्याची रेष जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे लागते, हे अंतर म्हणजे ट्रेल, रोजच्या गाड्यांत ढोबळमानाने १० सेंटीमीटरच्या आसपास. फोर्क आडवा झाला की हे वाढतं, पळताना गाडी अजून स्थिर वाटते पण हळू वळताना चाक आत पडायला बघतं आणि हँडल जड होतं. उलट कोणी पुढे फोर्क टीमधून वर सरकवून गाडी खाली घेतली असेल तर हँडल नको इतकं चपळ होतं.

मग मागचं चाक. चेन टाईट करताना दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखे फिरवले नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. चिमट्यावरच्या खुणांवर फार भरवसा ठेवू नका, चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेप लावा. नंतर गवंड्याची दोरी घेऊन मागच्या टायरला जमिनीपासून वीतभर उंचीवर गुंडाळा आणि दोन्ही टोकं पुढच्या टायरच्या पुढे ताणून धरा, दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना फट राहणार, मागे १२० आणि पुढे ९० असेल तर साधारण १५-१५ मिलीमीटर. ती फट दोन्हीकडे सारखी असली म्हणजे झालं. शेवटी चिमटा आडवा धरून हलवा, बुश गेले असतील तर खळखळ लागेल.

आणि पुढचं चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक दाबून सोडल्यावर पण मोकळं फिरलं पाहिजे. कॅलिपरचा पिस्टन अडकून ब्रेक धरून राहिला तर हळू स्पीडला गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी लागते, डिस्क तापते, आणि लोक स्टिअरिंग जड म्हणून घेऊन येतात.

माझ्या गाडीचं काय झालं

कोनसेट बदलला, रिंगेत खळगे इतके खोल होते की नखाला लागत होते. गाडी ८० टक्के सुधारली, पण उजवीकडचा यू टर्न अजून अवघड जायचा. परत सगळं बघत गेलो तेव्हा सापडलं की क्लच केबल हेडलाईटच्या मागून चुकीच्या बाजूने घातलेली होती, हँडल उजवीकडे गेलं की ताणायची. केबल सोडून बरोबर बाजूने घातली, खर्च काही नाही. एक बिघाड सापडला की तपासणी थांबवू नका असं म्हणतोय ते यामुळे, जुन्या गाडीत दोन-तीन छोट्या गोष्टी एकत्र असतात.

आता दर पावसाळा संपला की मी पुढचं चाक उचलून दोन बोटांची टेस्ट करतो, आणि वॉशिंगला गाडी दिली की पाण्याचा फवारा मानेवर आणि चाकांच्या बेअरिंगवर जवळून मारू नको म्हणून आधीच सांगतो. नवा कोनसेट टाकला असेल तर ५०० किलोमीटरच्या आसपास एकदा झोल बघा, गोळ्या बसल्यावर नट किंचित आवळावा लागतो, आणि आवळल्यावर हँडल दोन्ही बाजूंना स्वतःहून पडतंय ना ते बघूनच गाडी स्टँडवरून खाली घ्या.